गिरमिटियांच्या कादंबरीला टिपा लिहिताना: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

आमच्या वाचनगटाने ऊसमळ्यावरच्या भारतीय मजुरांची एक कादंबरी वाचायला घेतली, तेव्हा शब्दार्थ आणि टिपा लिहायचं काम माझ्याकडे आलं. ‘गिरमिट’ या शब्दापुढे मी ‘करार’ एवढंच लिहिलं होतं. चर्चेच्या दिवशी गटातल्या एका काकूंनी विचारलं, “करारच होता ना? मग ही बाई एवढे हाल का सोसते? काम सोडून निघून का जात नाही?” टीप चुकीची नव्हती, पण तिच्यामुळे काकूंना नायिकाच कळेनाशी झाली होती. आपल्या मनात करार म्हणजे दोन माणसांनी ठरवलेली गोष्ट. मोडला तर फार तर पैशांचा वाद. गिरमिट मोडणं हा गुन्हा होता. कामावर न जाणं, मळा सोडून जाणं, मुकाट्याने न ऐकणं, यासाठी मजुराला दंड होई, तुरुंगात टाकलं जाई. ही एक ओळ मी लिहिली असती तर काकूंना तो प्रश्न पडलाच नसता.

तेव्हापासून अशा कादंबऱ्यांच्या टिपा मी वेगळ्या रीतीने लिहिते. भाषांतर करणारे, संपादन करणारे, वर्गात शिकवणारे किंवा वाचनगटासाठी चार पानं तयार करणारे, ज्यांनी हे काम पहिल्यांदाच हाती घेतलं आहे त्यांच्यासाठी ही रीत सांगते. उदाहरणं सगळी गिरमिटियांच्या जगातली आहेत. म्हणजे १८३४ ते १९१७ या काळात मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, सुरिनाम, फिजी इथे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या जगातली.

पहिली पायरी: पेन्सिल घेऊन दोनदा वाचा

पहिल्या वाचनात काहीही शोधू नका. जिथे अडलात तिथे समासात एक रेघ मारा आणि पुढे चला. ‘अरकाटी’, ‘कुलंबर’, ‘होसे’ असे शब्द इथे सापडतील. हे शब्द सोपे आहेत असं मी म्हणेन, कारण वाचक त्यांच्यापाशी आपणहून थांबतो आणि टीप शोधतो.

दुसरं वाचन जास्त महत्त्वाचं. या वेळी जिथे तुम्ही अजिबात अडला नाहीत, तिथे संशय घ्या. पास, डिपो, सरदार, लाईन, काळं पाणी, कुली. हे शब्द मराठीतही आहेत, म्हणून वाचक न थांबता पुढे जातो आणि मनात भलतंच चित्र घेऊन जातो. अशा शब्दाला दुहेरी रेघ मारा. तुमच्या टिपांचं खरं काम या दुहेरी रेघांपाशी आहे. एकेरी रेघांचं निम्मं काम चांगला शब्दकोशही करू शकतो.

दुसरी पायरी: गोष्ट कुठली आणि कुठल्या सालातली, ते पक्कं करा

लेखक दर वेळी साल देत नाही. जहाजाचं नाव, राणीचा उल्लेख, एखादा कर, एखादी दंगल, यांवरून ते काढावं लागतं. त्यासाठी एक साधी कालपट्टी भिंतीवर लावा. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ ला लागू झाला. ऊसमळ्यांना नवे हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाज ३६ मजूर घेऊन मॉरिशसला लागलं. ५ मे १८३८ ला ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ब्रिटिश गयानात पोचली. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ त्रिनिदादला, १६ नोव्हेंबर १८६० ला ‘ट्रुरो’ नाताळला, ५ जून १८७३ ला ‘लल्ला रूख’ सुरिनामला आणि १४ मे १८७९ ला ‘लिओनिदास’ फिजीला. भरती १९१७ साली महायुद्धाच्या काळात थांबली आणि फिजीतले उरलेले करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले.

या पट्टीत एक खाडाही आहे, तो विसरू नका. १८३९ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली होती. मॉरिशससाठी ती १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरं त्यासाठी खुली झाली. कॅरिबियन बेटांची भरती त्यानंतर सुरू झाली. कादंबरीतला माणूस १८४० मध्ये करारावर मॉरिशसला निघाला असेल, तर एक तर लेखकाचं साल चुकलं आहे किंवा तो चोरून नेलेला माणूस आहे. दोन्हींपैकी काय ते टीप लिहिणाऱ्याला ठाऊक हवं.

मराठी वाचकासाठी मुंबई बंदराचा उल्लेख नुसता येऊन जाऊ देऊ नका. रत्नागिरीच्या पट्ट्यातून, कोकणातून माणसं मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातल्या जाकडीचं तिथलं रूप ‘झाकरी’ नावाने नाचलं जातं. कादंबरीत एखाद्या ‘बंबईवाल्या’चा ओझरता उल्लेख आला, तर तो माणूस आपल्याच बोलीत बोलणारा असू शकतो. मूळ हिंदी, इंग्रजी किंवा फ्रेंच वाचकाला त्या उल्लेखाने काही होणार नाही. आपल्या वाचकाला होईल. म्हणून मूळ आवृत्तीत टीप नसली तरी आपण तिथे टीप द्यावी.

स्थळ पक्कं झालं की शब्दही पक्के होतात. फिजीत आणि नाताळमध्ये ‘गिरमिट’ आणि ‘गिरमिटिया’. सुरिनाम डच वसाहत होती, तिथे करारबद्ध मजूर ‘कंत्राकी’. रीयूनियन या फ्रेंच बेटावर ‘आंगाजे’. सगळ्यांना एकच शब्द लावला की टिपांमधून देश पुसला जातो.

तिसरी पायरी: ओळखीच्या शब्दांचा मराठी अर्थ आधी खोडा

इथे घाई करू नका. टिपा लिहिण्याचा निम्मा वेळ मी इथेच घालवते.

‘गिरमिट’ पासूनच सुरुवात करू. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. सीमाभागातल्या वाचकाला तर चुरमुऱ्यांचं गिरमिट आठवेल. कादंबरीतला शब्द ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश आहे. टीप अशी हवी: “अ‍ॅग्रीमेंट या इंग्रजी शब्दाचं मजुरांच्या तोंडी झालेलं रूप. साधारण पाच वर्षांचा करार. मळा ठरवून दिलेला, मालक बदलता येत नसे. कामात कसूर केली किंवा मळा सोडला तर फौजदारी शिक्षा होई.” शेवटचं वाक्य गाळलं तर काकूंचा प्रश्न पुन्हा येणार.

‘काळं पाणी’. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर लगेच अंदमान उभं राहतं, सेल्युलर जेल, जन्मठेप. गिरमिटियाच्या तोंडी हा शब्द आला की आपला वाचक त्याला कैदी समजतो. त्याच्या मनात मात्र दुसरीच भीती असते: समुद्र ओलांडला की जात जाते, परत आल्यावर पंगतीत घेत नाहीत. जहाजावर एका भटारखान्यात शिजवलेलं सगळ्यांनी खायचं असे, त्यामुळे ही भीती पहिल्याच आठवड्यात खरी होई. गंमत म्हणजे त्याच दशकांमध्ये दोन्ही अर्थ वापरात होते, म्हणून कादंबरीतल्या प्रत्येक जागी वेगळं तपासा. कोर्टातला साहेब ‘काळं पाणी’ म्हणतो तेव्हा शिक्षा, आई म्हणते तेव्हा धर्म.

‘सरदार’. आपल्याकडे शिंदे-होळकर. मळ्यावरचा सरदार म्हणजे मजुरांच्या टोळीवरचा भारतीय मुकादम. हा स्वतः कधी काळी मजूर म्हणूनच आलेला असे. आता साहेब आणि टोळी यांच्या मधे उभा. पुष्कळदा तोच उसने पैसे देई. ‘मुकादम’ हा शब्द टिपेत वापरला की मराठी वाचकाला अर्धं चित्र फुकट मिळतं, कारण ऊसतोडीची टोळी, उचल आणि मुकादम त्याला ठाऊक आहेत. पण उरलेलं अर्धं चित्र चुकतं. आपला ऊसतोड कामगार हंगाम संपला की गावी परततो. गिरमिटियाला किमान पाच वर्षं परतीची वाट नव्हती. साम्य सांगितलंत तर फरकही त्याच टिपेत सांगा. सरदाराच्या वरचा गोरा देखरेखवाला फिजीत ‘कुलंबर’; गोरा साहेब हजेरी घेताना ‘कॉल नंबर’ म्हणे, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. ही व्युत्पत्ती ‘असं सांगतात’ अशाच शब्दांत द्यावी.

‘डिपो’ म्हणजे एस.टी.चा डेपो नव्हे. कलकत्त्याच्या बंदराजवळची भिंतीआडची जागा. तिथे जहाज भरेपर्यंत माणसांना ठेवत, डॉक्टर तपासत, नंबर देत. ‘लाईन’ मात्र आपल्याला जवळची आहे, कारण पोलीस लाईन हा शब्द आपण वापरतो. ओळीने बांधलेल्या खोल्या. फिजीत एक खोली साधारण १० फूट लांब आणि ७ फूट रुंद, तिच्यात तीन एकटे पुरुष किंवा एक जोडपं पोराबाळांसह. ही मापं टिपेत जरूर द्या. ‘लहान खोली’ म्हटलं की प्रत्येकाची खोली वेगळी होते.

‘कुली’ या शब्दाला सगळ्यात जास्त काळजी लागते. मराठी वाचकाला रेल्वे फलाटावरचा लाल सदऱ्यातला हमाल दिसतो आणि त्यात अपमान जाणवत नाही. वसाहतींमध्ये हा शब्द वंशासाठी वापरत. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर गांधींनाही ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत. शब्दाचं मूळ तमिळ ‘कूली’ म्हणजे मजुरी यात असावं असं एक मत आहे, दुसरं मत कोळी या जमातनावाकडे बोट दाखवतं. पण व्युत्पत्तीपेक्षा टिपेत एवढं सांगा की हा शब्द कोण उच्चारतो त्यावर त्याचं वजन ठरतं. गोरा म्हणाला तर शिवी, सरकारी कागदावर आला तर वर्ग, मजूर स्वतःला म्हणाला तर कधी कडवटपणा, कधी अभिमान. मॉरिशसच्या पोर्ट लुईमधल्या ज्या धक्क्यावर ही माणसं उतरत, त्याला ‘कुली घाट’ म्हणत. १९८७ साली त्याचं नाव ‘आप्रवासी घाट’ केलं गेलं आणि २००६ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. नाव बदलण्याची ही हकिगत एका वाक्यात दिली की शब्दाची जखम वाचकाला कळते. भाषांतरात शब्द सौम्य करून ‘मजूर’ करू नका. लेखकाने जिथे माणसाचा अपमान दाखवला आहे, तिथे आपण तो झाकायचा नसतो.

आणि मूळ कादंबरी हिंदी असेल तर ‘प्रवासी’पासून सावध. हिंदीत प्रवासी म्हणजे देश सोडून दुसरीकडे वसलेला माणूस. मराठीत तो चार दिवसांनी घरी येतो. ‘स्थलांतरित’ किंवा ‘आप्रवासी’ चालेल. ‘गिरमिटिया’ ठेवता आला तर तोच ठेवा.

चौथी पायरी: पैसा आजच्या रुपयांत मांडू नका

कादंबरीत शिलिंग, पेन्स, पौंड, रुपये येतात. पहिला मोह होतो तो ‘म्हणजे आजचे इतके रुपये’ असं लिहिण्याचा. तो आकडा दोन वर्षांत शिळा होतो आणि त्याने काही समजतही नाही. पैसा कथेतल्याच दुसऱ्या कशाशी जोडा.

नाताळमधला तीन पौंडांचा कर घ्या. करार संपल्यावर जो मजूर नवा करारही करत नाही आणि भारतातही परत जात नाही, त्याला दर वर्षी तीन पौंड भरावे लागत. बायकोलाही वेगळे, १६ वर्षांवरच्या मुलाला आणि १३ वर्षांवरच्या मुलीलाही. नुसतं ‘तीन पौंड’ म्हणून काही बोध होत नाही. पण तिथल्या मजुराला पहिल्या वर्षी महिन्याला १० शिलिंग मजुरी होती. पौंडाला २० शिलिंग, म्हणजे तीन पौंड हे सहा महिन्यांच्या मजुरीएवढे. नवरा-बायको आणि दोन मोठी मुलं असतील तर १२ पौंड. आता कादंबरीतला बाप मुलीचं वय कागदावर दोन वर्षांनी कमी का सांगतो, ते कुणालाही कळेल. हा कर १९१४ मध्ये रद्द झाला. त्याच्या आधीच्या वर्षी नाताळमधले हजारो मजूर संपावर गेले होते.

फिजीत पुरुषाला पूर्ण दिवसाच्या नेमून दिलेल्या कामाचा एक शिलिंग आणि बाईला नऊ पेन्स मिळत. १८९० च्या दशकाच्या अखेरीपासून रुपयाचा दर १६ पेन्सवर बांधला गेला. रुपयाचे आणे १६, म्हणजे त्या काळासाठी एक पेनी बरोबर एक आणा. बाराआणे आणि नऊआणे. जुन्या पिढीच्या कानाला हे लगेच पटतं. मात्र १८८० च्या आसपासच्या कथेला हे गणित लावू नका, तेव्हा रुपयाचा भाव वर-खाली होत होता. आणि टिपेत ‘नेमून दिलेलं काम’ यावर भर द्या. काम अपुरं राहिलं तर मजुरी अपुरी. मॉरिशसमध्ये याहून कडक रीत होती, ‘डबल कट’: एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापत. महिना संपला तरी पदरात काही पडत नाही असा प्रसंग कादंबरीत असेल तर त्यामागे बहुधा हाच नियम असतो.

पाचवी पायरी: कागद कसा दिसत होता ते दाखवा

या कादंबऱ्यांमध्ये एक कागद पुन्हा पुन्हा येतो. मजुराचा ‘एमिग्रेशन पास’. त्यावर जहाजाचं नाव, नंबर, माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, परगणा, गाव, जवळचा नातेवाईक, उंची आणि अंगावरची खूण असे रकाने असत. टिपेत हे रकाने एकदा लिहून टाका. पुढे कादंबरीत कुणी ‘माझ्या डाव्या भुवईवरचा व्रण इंग्रजांच्या वहीत आहे’ असं म्हणालं तर दुसरी टीप लागत नाही.

नावांचा गोंधळ इथेच सुरू होतो. कारकून ऐकेल तसं लिही. बापाचं नाव किंवा माणसाचं स्वतःचं नावच पुढच्या पिढीचं आडनाव होऊन बसे. नातू आजोबांच्या नावाने ओळखला जातो आणि गावाकडचं घराण्याचं नाव कुणालाच आठवत नाही, हे अनेक कुटुंबांत झालं. कादंबरीत एकाच माणसाची तीन स्पेलिंगं दिसली तर ती छपाईची चूक मानून एकसारखी करू नका.

लग्नाचंही तसंच. फिजीसारख्या वसाहतींत नोंद न केलेलं हिंदू किंवा मुसलमान पद्धतीचं लग्न कायदा मानत नसे. मंडपात लागलेलं लग्न कागदावर नसे आणि पोरं कागदावर अनौरस ठरत. कादंबरीतला गोरा मॅजिस्ट्रेट नायिकेला ‘बायको’ म्हणत नाही, तेव्हा तो केवळ उद्धट नसतो; त्याच्या मागे कायदा उभा असतो. वाचकाचा राग योग्य ठिकाणी जावा यासाठी ही टीप हवी.

इथेच बायकांच्या संख्येचाही नियम सांगावा. पुढच्या काळात दर १०० पुरुषांमागे ४० बायका जहाजावर असल्याच पाहिजेत अशी अट होती. म्हणून भरती करणाऱ्या अरकाट्याला बाईमागे जास्त पैसे मिळत. घरातून रागाने निघालेली, विधवा, तीर्थयात्रेत हरवलेली बाई अरकाट्याच्या हाती का लागते, हे या एका अटीने उलगडतं. कादंबरीतलं कथानक योगायोगाचं वाटणं थांबतं.

सहावी पायरी: पात्राला जे ठाऊक नाही ते वाचकाला लवकर सांगू नका

ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली आणि मी ती आता सगळ्यांना आवर्जून सांगते. माणसांना कुठे नेतात हे माहीत नसे. ऐकू येणाऱ्या नावांना त्यांनी आपल्या कानाची नावं दिली. सुरिनाम झालं ‘श्रीराम टापू’, त्रिनिदाद झालं ‘चीनीदाद’, मॉरिशस झालं ‘मिरिच’. रामाच्या बेटावर जायचं, साखर चाळायची, एवढंच कानावर पडलेलं.

आता समजा कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात एक पोरगा आईला सांगतो की मी श्रीराम टापूला चाललो. तिथेच तळटीप आली, “सुरिनाम, दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची डच वसाहत, जहाजाने सुमारे तीन महिन्यांचा प्रवास”, तर काय उरलं? लेखकाने वाचकालाही त्या पोराबरोबर अंधारात ठेवलं होतं. तळटिपेने दिवा लावला. अशा वेळी टीप शेवटी द्या, किंवा तो पोरगा किनाऱ्यावर उतरतो त्या पानावर द्या.

याच्या उलटही घडतं. ‘जहाजी भाई’ हा शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा लगेच सांगावा लागतो. एका जहाजातून आलेली माणसं एकमेकांना सख्ख्या भावाबहिणींसारखी मानत. जातीची, गावाची, भाषेची नाती मागे राहिली आणि हे नवं नातं उभं राहिलं. एका जहाजातल्या माणसांच्या मुलांची लग्नं एकमेकांत करणंही अनेकांना गैर वाटे. हे ठाऊक नसेल तर पुढच्या प्रकरणात दोन म्हातारे एका सोयरिकीवरून का भांडतात ते कळणार नाही.

सातवी पायरी: सण आणि ग्रंथ, यांची ओळख करून देऊ नका; तिथे त्यांचं काय झालं ते सांगा

रामायण कुणाचं, होळी कधी असते, असल्या टिपा मराठी वाचकाला नकोत. त्याला हवं ते दुसरं. तुलसीदासांचं रामचरितमानस ऊसमळ्यांवर एवढं का रुजलं? बहुसंख्य माणसं भोजपुरी-अवधी पट्ट्यातली होती, ग्रंथ त्यांच्या बोलीजवळचा होता, आणि वनवासात गेलेला राम परततो ही कथा त्यांना स्वतःची वाटत होती. कादंबरीत पाचवं वर्ष संपताना कुणी वनवासाची चौपाई म्हणतो, तर टीप त्या ओळीच्या अर्थाची नको, त्या वेळेची हवी.

कॅरिबियन बेटांवर होळीला ‘फगवा’ म्हणतात. कोकणातल्या वाचकाला शिमग्याचा फाग ऐकू येईल, तो येऊ द्या. ‘होसे’ हा शब्द हुसेनवरून आला. त्रिनिदादमध्ये मोहरमच्या ताबुतांची मिरवणूक हिंदू-मुसलमान मजूर मिळून काढत. ताबूत-डोल्यांना हिंदूंनी खांदा देणं आपल्याकडेही नवं नाही, तेव्हा तेवढ्यासाठी टीप खर्चू नका. सांगायचं ते हे: १८८४ साली सरकारने या मिरवणुका शहरांत न्यायला बंदी केली, मजुरांनी ती मोडली आणि सान फर्नांडोजवळ पोलिसांनी गोळीबार करून माणसं मारली. त्यानंतर कादंबरीत कुठेही लांबून ढोल वाजला तरी म्हातारी दचकते का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

मॉरिशसचं ‘गंगा तलाव’ही असंच. डोंगरातलं ग्रँड बासीन नावाचं तळं. महाशिवरात्रीला लोक कावडी घेऊन चालत तिथे जातात. भारतातून आणलेलं गंगेचं पाणी त्यात १९७२ मध्ये ओतलं गेलं. १९०० च्या सुमारास घडणाऱ्या कथेत जर कुणी ‘इथलंच पाणी गंगेचं’ म्हणत असेल, तर ते श्रद्धेने म्हणतो आहे. त्या टिपेत १९७२ चं साल घुसडू नका.

आठवी पायरी: मराठी दुवा दिसला तर तो सोडू नका

कादंबरीच्या शेवटाकडे बहुधा भारतातल्या चळवळीची कुजबूज येते: ‘हिंदुस्थानात कुणी गोखले आपल्यासाठी बोलले म्हणे.’ हे आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात नाताळसाठी मजूरभरती थांबवण्याचा ठराव आणला आणि तो मान्य झाला. १९१२ मध्ये ही पद्धतच सगळीकडे बंद करावी असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. सातासमुद्रापार लाईनीत बसलेल्या माणसांच्या तोंडी पुण्याच्या माणसाचं नाव येतं, हे लेखकाने सहज लिहिलेलं असतं. मराठी आवृत्तीत ते नुसतं निसटू देणं मला बरोबर वाटत नाही. चार ओळींची टीप इथे मी नक्की देते, जरी बाकी सगळीकडे दोन ओळींचा नियम पाळत असले तरी.

नववी पायरी: टीप कुठे ठेवायची आणि किती लांब

ज्याच्यावाचून ते पान कळणार नाही तेवढंच पानाच्या तळाशी. बाकी सगळं पुस्तकाच्या शेवटी, प्रकरणवार. शब्दार्थसूची वेगळी ठेवा, अकारविल्हे, आणि तिच्यात एका ओळीपेक्षा जास्त लिहू नका. वाचक तिथे विसरलेला शब्द पुन्हा शोधायला येतो. कंसात अर्थ देत जाण्याची सवय मोडा. संवादात मजूर बोलतो आहे आणि मधेच कंस आला की त्याचा आवाज तुटतो. एखादा अर्थ पुढच्याच वाक्यातून कळत असेल तर टीप गाळा.

आकडे देताना आवर घाला. मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली, फिजीला साठ हजारांवर, हे एकदा प्रस्तावनेत आलं की पुरे.

शेवटी कच्ची प्रत अशा दोन माणसांना द्या ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही. एक तरुण असावा, एक साठीच्या पुढचा. त्यांना टिपा कशा वाटल्या असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. सरळ गोष्टीबद्दल विचारा: ती मळा सोडून का गेली नाही? त्याने वय खोटं का सांगितलं? म्हातारी ढोल ऐकून का रडली? ज्या प्रश्नाला ते अडखळतील तिथली टीप पुन्हा लिहा. आणि छपाईआधी पानं लागली की सगळे पृष्ठांक नव्याने तपासा; शेवटच्या फेरीत एखादा परिच्छेद पुढच्या पानावर सरकतो आणि तळटीप मागच्याच पानावर राहून जाते.